दांडा प्रतिनियुक्तीवर

कोणतीही वस्तू घट्ट बसवायला एक माणूस पुरतो; ती सैल करायला गाव लागतं. हा नियम सृष्टीइतकाच जुना आहे. लग्न एक धवलेरी गाणी म्हणून लावून टाकते, मोडायचं झालं तर दोन्ही पाड्यांचे चुलते बैठकांवर बैठका घेतात. लोणच्याच्या बरणीचं झाकण बायको एका हाताने लावते आणि उघडायला घरातले पुरुष वयाच्या क्रमाने बोलावले जातात. तेव्हा वीसेक वर्षांपूर्वी कुठल्याशा कारखान्यात कुणा एका कामगाराने, बहुधा जेवणाच्या सुट्टीआधीच्या घाईत, एका गाडीच्या इंजिनाला जो बोल्ट आवळला, तो सोडवायला अख्खा पाडा लागला यात नवल मानण्यासारखं काही नाही.

हा पाडा कैनाडच्या पुढे, डोंगराच्या अंगाला आहे. (नाव मुद्दाम देत नाही. पाहुणे आले की त्यांना पाणी विचारावं लागतं, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे तो विषय नाजूक आहे.)

गाडी संगीताची. घेतली तेव्हा ती पांढरी होती असं कागदावर आहे. मागची सीट काढून टाकलेली आणि तिथे चिंचणीहून भरून आणलेल्या बोंबील, सुकट नि मांदेलीची पोती. ही पोती घेऊन संगीता दर आठवड्याला तलासरीच्या बाजाराला जायची. गाडीच्या आधी गाडीचा वास पोचायचा, त्यामुळे हॉर्न बंद आहे ही गोष्ट बरीच वर्षं कोणाच्या ध्यानात आली नाही.

बाजारात संगीताची जागा चिंचेखाली होती. ही जागा कोणी कोणाला देत नाही, ती बसून बसून होते. बाजाराचा कायदा लेखी नसल्यामुळे सर्वांना पाठ आहे: एक बाजार चुकला तर शेजारीण विचारपूस करते, दुसरा चुकला तर आपलं पोतं थोडं सरकवते, तिसरा चुकला तर जागा पोतं सरकवणारीची. संगीताची शेजारीण गंगी. तीही सुकटच विकायची, पण उन्हात. चिंचेच्या सावलीकडे गंगी गेली सहा वर्षं ज्या नजरेने पाहत होती, त्या नजरेने माणसं सहसा सोनं पाहतात.

अशा वेळी गाडीने पाणी गाळायला सुरुवात केली.

डहाणूहून मेकॅनिक मुकेश आला, बॉनेट उघडून त्याने आत डोकं घातलं आणि बाहेर काढून परिस्थिती समजावून सांगितली. गळतोय तो पाण्याचा पंप. पंप बदलायचा तर आधी पट्टा काढावा लागतो. पट्टा काढायचा तर पुली काढावी लागते. आणि पुली काढायची तर तिच्या पोटात बसलेला एक बोल्ट सोडवावा लागतो. थोडक्यात, संगीताची सहा वर्षांची सावली त्या एकोणीस नंबरच्या बोल्टावर लटकली होती.

मुकेशने उजवं चाक काढलं, गाडी दगडांवर टेकवली, बोल्टाच्या डोक्यावर टोपीसारखी बसते ती गोटी पान्याला लावली, पाय रोवून हिसका दिला. गोटी फुटली. त्याने दुसरी, जाड गोटी लावली, पुन्हा हिसका दिला आणि या वेळी कमरेत काहीतरी फुटल्यासारखा चेहरा केला.

"डावीकडे फिरवायचा. लांब पाइप लावा, सुटेल," तो गोटी तिथेच ठेवून मोटारसायकलवर बसत म्हणाला. "सुटला की फोन करा. पुढचं सगळं काम आपलं."

इथून पुढे काम पाड्याच्या ताब्यात गेलं.

बाहेरच्यांना कल्पना नसेल, म्हणून सांगायला हवं. पाड्यात कोणाच्या घराचं आडं चढतं तेव्हा प्रत्येक घरातून माणूस येतो आणि लाकडाला हात लावतो. ज्याचा हात लागला नाही त्याला वाटतं, आपल्याला परकं केलं. पावसाळ्यात त्या घराची भिंत पडली तर तो म्हणू शकतो, बघा, माझा हात नव्हता. ही फार सुंदर रीत आहे. ती घर वर चढवण्यासाठी आहे, बोल्ट खाली उतरवण्यासाठी नाही, एवढी बारकी तफावत वगळता बोल्टाच्या बाबतीत ती जशीच्या तशी पाळण्यात आली.

मानाचा क्रम असा ठरला. पहिला हात पोलीसपाटलाचा, कारण पहिला हात त्याचाच असतो. दुसरा भावकीचा. तिसरा संगीताच्या माहेरचा. मग ज्याने पाना आणला तो. मग ज्याच्याकडे पाना होता पण वेळेवर सापडला नाही तो. मग ज्याच्या ओळखीचा कोणी वापीला कंपनीत आहे तो (असे सगळेच निघाल्यामुळे ही वर्गवारी पुढे रद्द करावी लागली). शेवटी जावई, आलेला असल्यास. आणि त्याचा हात लागेपर्यंत चहा नाही.

संगीताने ओट्यावर बसून केलेल्या पाहणीनुसार, पाड्यातल्या शेकडा अठ्ठ्याण्णव पुरुषांना इंजिन समजतं. उरलेले दोन गॅरेजात कामाला आहेत.

"अरे, हे सगळे कशाला पाहिजेत?" तिने नवऱ्याला विचारलं. "तू एकटा नाय का ओढत?"

"कसं बोलतेस?" नितीन हळूच म्हणाला. "माणसं आपणहून आलीत. नको कसं म्हणायचं?"

नितीन स्वभावाने इतका भला होता, की भिंतीला धक्का लागला तरी तो तिची माफी मागायचा. त्याने आयुष्यात कोणाला नको म्हटलेलं नव्हतं. गाडी विकणाऱ्यालाही नाही.

आता अडचण एवढीच होती, की संगीताचा भाऊ काकड्या याच्या मते बोल्ट उजवीकडे फिरवायला हवा होता. काकड्याचा दोस्त उंबरगावला गॅरेजात गाड्या धुवायचा, त्यामुळे या मताला गुजरात राज्याचा पाठिंबा होता.

"एम नाय, आम फिरव, आम!" काकड्या गुजरातीत सांगत हवेत उजवीकडे हात फिरवून दाखवायचा. "जुन्या गाडीचं सगळं उलटं असतं, दाजी."

मुकेश डावीकडे म्हणून गेला होता. पण मुकेश हजर नव्हता, काकड्या हजर होता. शिवाय तो बायकोचा भाऊ होता. तेव्हा नितीनने दोन्ही घरांना मान्य होईल असा तोडगा काढला: एक हात सासरचा, डावीकडे, पाठोपाठ एक हात माहेरचा, उजवीकडे. यात कोणावर अन्याय होत नव्हता. संध्याकाळी बोल्ट सकाळी होता तिथेच असायचा, फक्त दोन्ही घरांतली गोडी वाढलेली असायची. (डाव्या-उजव्याचा इथे राजकारणाशी संबंध लावू नये. लाल बावट्याची तलासरी जवळ असली तरी.)

संगीताला यातली गोम कळत नव्हती असं नाही. तेलाच्या बाटलीचं झाकण ती रोज उघडत होती. पण भाऊ आपलं काम टाकून आला होता, तिच्या हातची भाकर खात होता, आणि चारचौघांत त्याला तुझं चुकतंय म्हणायचं म्हणजे माहेरचा हात आपणच खाली पाडायचा. मात्र त्या दिवसापासून काकड्याच्या कालवणात तिखट जरा जास्त पडू लागलं.

बोल्ट फिरवताना इंजिन फिरू नये म्हणून गाडी गिअरमध्ये टाकून आत कोणीतरी ब्रेक दाबून बसावं लागतं. हे जबाबदारीचं काम नितीनच्या चुलत्याकडे, लाहूकाकांकडे देण्यात आलं. लाहूकाकांनी याआधी बसायची इतकी मऊ जागा पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी ते ब्रेकवर असताना काकड्याची पाळी आली, आणि काय आश्चर्य, पाना लोण्यात सुरी फिरावी तसा गरागरा फिरला.

"सुटला!" काकड्या ओरडला. "बोललो होतो ना, आम!"

नारळ फुटला. गूळ वाटला. पोलीसपाटलाने पहिला हात आपला होता याची सर्वांना आठवण करून दिली. नितीनने मुकेशला फोन लावला.

"बाहेर आला?" मुकेशने विचारलं.

"बाहेर नाय, पण फिरतोय. मस्त फिरतोय!"

"एकटाच फिरतोय, की पुली पण फिरते सोबत?"

नितीनने वाकून पाहिलं. "पुली पण फिरते."

"मग तुम्ही अख्खं इंजिन हाताने फिरवताय, शेठ. असंच फिरवत बसलात तर तलासरीला पोचाल."

गाडीत पाहिलं तर लाहूकाका झोपले होते आणि त्यांचा पाय ब्रेकवरून उतरून चपलेत गेला होता. त्यांचा अपमान न करता सीट आणि ब्रेक यांच्यामध्ये एक बांबू ठोकून बसवण्यात आला. लाहूकाका तिथेच राहिले. काम गेलं तरी पद ठेवायचं असतं.

यानंतर औषधोपचाराचा टप्पा आला. बोल्टावर क्रमाने रॉकेल, खोबरेल, एरंडेल, गाडीचंच काळं ऑइल, थंड पेयाची बाटली (मोबाइलवर पाहून) आणि काकड्याच्या आग्रहाखातर ताडी ओतण्यात आली. पैकी ताडीचा परिणाम तात्काळ दिसला, परंतु बोल्टावर नाही.

या धांदलीत पहिला बाजार चुकला.

दुसऱ्या बाजाराला संगीता शेअरच्या जीपला हात करून उभी राहिली. जीप थांबली, ड्रायव्हरने नाकाला रुमाल लावला आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही बसा. बोंबील उतरवा."

एसटीचा कंडक्टर यापेक्षा नम्र होता, पण मुद्दा तोच. शेवटी संगीता रिकामी टोपली घेऊनच तलासरीला गेली आणि चिंचेखाली बसून राहिली. गिऱ्हाइकं यायची, टोपलीत डोकवायची आणि तिच्या तोंडाकडे बघून गंगीकडे जायची.

"काय गं संगे, आज काय विकतेस?" गंगीने विचारलं. "हवा?"

"गाडी बंद हाय. पुढल्या बाजाराला येते भरून."

"ये ना. पण मोकळी टोपली ठेवून जागा राखायला हा काय एसटीतला रुमाल हाय?" असं म्हणून गंगीने आपलं पोतं वीतभर सावलीत सरकवलं. मग तिलाच कसंतरी वाटलं असावं. "पुढल्या बाजारापर्यंत थांबते," ती खाली बघत म्हणाली. "माझं पण डोकं तापतं गं उन्हात."

संगीता घरी आली ती तडक नितीनपुढे उभी राहिली. "पुढल्या बाजाराला गाडी निघाली नाय, तर माझी जागा गेली. मग तू बोल्टाशीच संसार कर."

नितीन हादरला. लांब पाइप पाहिजे, हे मुकेशचं वाक्य त्याला आत्ता आठवलं. पाड्यात लांब पाइप नव्हता. बांबू लावून पाहिले, ते मोडले. इतकं लांब आणि इतकं मजबूत लोखंड पाड्यात एकच होतं: हापशाचा दांडा. पोलीसपाटलाच्या संमतीने आणि सर्वांचा हात लावून तो उतरवण्यात आला आणि पान्याला तारेने आवळून बांधण्यात आला. एक सासरचा हात, एक माहेरचा हात. बोल्ट जागचा हलला नाही.

इथे हापशाविषयी दोन शब्द सांगणं भाग आहे. संक्रांत उलटली की हा हापसा पाणी देत नाही, खोकतो. बाईने घामाघूम होईपर्यंत दांडा मारला की तांब्याभर गढूळ पाणी येतं, त्याहून जास्त घाम आलेला असतो. बायका हंडे घेऊन खाली ओहोळातल्या खड्ड्यावर जातात आणि तिथे वाटीने पाणी भरतात. दर उन्हाळ्यात पाडा टँकर मागतो. दर उन्हाळ्यात वरून उत्तर येतं: सदर पाड्यात हातपंप अस्तित्वात असल्याने टँकरची आवश्यकता दिसून येत नाही. उत्तर खरं होतं. हातपंप अस्तित्वात होता. नव्हतं ते पाणी.

पण आता ग्रामसेवक घरपट्टीसाठी पाड्यात आला आणि त्याला दांड्याविना हापसा दिसला. एवढ्या वर्षांत त्याने हापशाकडे पहिल्यांदाच पाहिलं. तो दचकला. त्याने सरपंच निर्मलाताईंना बोलावलं, ठराव झाला, वर गेला, आणि ज्या चपळाईने तो खाली आला ती पाहून निर्मलाताईंनी तो दोनदा वाचला:

"सदर हातपंपाचा दांडा मोटार वाहनातील बोल्ट सैल करण्याच्या सार्वजनिक कामी प्रतिनियुक्तीवर गेलेला असल्याने हातपंप तूर्त कार्यरत नाही. सबब, सदर बोल्ट सुटेपर्यंत पाड्यास दररोज एक टँकर मंजूर. दांडा मूळ जागी रुजू होताच हातपंप सुस्थितीत समजण्यात येऊन टँकर बंद करण्यात येईल."

टँकर चढावर येईना, तर चढावर मुरूम टाकून रस्ता झाला. कागदोपत्री त्याचं नाव 'बोल्टापर्यंतचा जोडरस्ता'.

टँकर आला आणि पाड्याचा बोल्टाकडे बघण्याचा दृष्टिकोन बदलला. हात लावण्याची रीत कोणी मोडली नाही. पण आता हात लावताना जोर लागू नये याची फार काळजी घेतली जाऊ लागली. कुरकुर आवाज आला की बायका हंडे टाकून धावत यायच्या.

"अरे हळू! सुटेल ना!" दक्षा आपल्या नवऱ्यावर, नविनवर, खेकसायची. "सुटू दे तर खरा, तुझ्याच डोक्यावर हंडा देऊन ओहोळावर पाठवते."

"मी नुसता धरलाय," नविन म्हणायचा. "मान म्हणून."

उजवीकडे फिरवणाऱ्यांची संख्या वाढली. आपलं मत लोकांना पटलं याचा काकड्याला इतका आनंद झाला, की तो राहायलाच आला.

एकट्या संगीताला बोल्ट सुटायला हवा होता. उद्या तिसरा बाजार होता. दुपारी सगळे जेवायला पांगले होते, लाहूकाका ब्रेकवर घोरत होते, आणि तिने रागाच्या भरात एक न परवडणारी गोष्ट केली: गोधडी धुतली. ऐन उन्हाळ्यात गोधडी धुण्याइतकं पाणी घरात असणं ही तिच्या लग्नानंतरची पहिलीच वेळ. धुताना राग कमी झाला. पाण्यात हात घालून बसायला बरं वाटत होतं. पिळली न पिळली तशी ती जड, टपटपणारी गोधडी तिने वाळत टाकली, आणि टाकायला समोर एकच दांडी होती, गाडीतून आडवी बाहेर आलेली.

टक्.

दांडा गोधडीसकट खाली वाकला होता. संगीताने वाकून पाहिलं. बोल्ट फिरला होता. पुली जागच्या जागी होती. तिने दोन बोटांनी पाना हलवला. तो आज्ञाधारक पोरासारखा हलला. पाटलाला, भावकीला, जावयाला आणि गुजरात राज्याला जे जमलं नाही ते ओल्या गोधडीने केलं होतं. (गोधडीचा हात मानाच्या यादीत नसल्यामुळे हे कृत्य नियमबाह्य होतं.)

फोन नितीनच्या खिशात होता. मुकेशला बोलावलं तर संध्याकाळपर्यंत पंप बसला असता. पहाटे पोती भरायची, ऊन व्हायच्या आत चिंचेखाली.

खालच्या वळणावर टँकरचा हॉर्न वाजला.

संगीता तशीच उभी राहिली. गाडी चालली म्हणजे बोल्ट सुटला. बोल्ट सुटला म्हणजे दांडा मोकळा. दांडा मोकळा म्हणजे हापसा सुस्थितीत. हापसा सुस्थितीत म्हणजे टँकर कशाला? घराघरांतून बायका हंडे घेऊन निघाल्या होत्या. दक्षा पोटुशी होती, तीही निघाली होती. पण ताठ चालत, ओहोळावर उतरताना धरावा लागतो तसा कशाचा आधार न धरता.

"काय वाजलं गं, पोरी?" लाहूकाका गाडीतून म्हणाले.

"काय नाय, काका. गोधडी वाळत घातली."

"मग ब्रेक दाबून धरू?"

"धरा," संगीता म्हणाली. "चांगला धरा."

तिने गोधडी बाजूला केली, पाना काढून उलट्या अंगाने बसवला, दांड्याला दोन्ही हातांनी लोंबकळली आणि अंगातलं सगळं वजन टाकून बोल्ट उजवीकडे आवळला. मग हंडा घेऊन रांगेत दक्षाच्या मागे उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी, बाजाराच्या दिवशीच, वरून साहेब पाहणीला आले. टँकर चालू ठेवण्याइतका बोल्ट खरोखर घट्ट आहे का, हे त्यांना प्रत्यक्ष बघायचं होतं. त्यांना मानाचा हात देण्यात आला. त्यांनी बाह्या सारल्या, ओढलं, लाल झाले. "फारच घट्ट आहे," त्यांनी लिहून घेतलं आणि कोणती बाजू धरावी याबद्दल जाता जाता एक सूचनाही केली.

साहेबांची गाडी गेली त्याच रस्त्याने तलासरीची जीप आली. संगीताने हात केला. ड्रायव्हरने सवयीने रुमाल काढला.

"बसत नाय मी," ती म्हणाली. "चिंचेजवळ गंगी असेल, तिला सांग, पोतं पूर्ण पसर म्हणावं. आणि दोनच्या पुढे सावली नळाच्या अंगाला सरकते, तेव्हा तू पण सरक म्हणावं. तिला ठाऊक नसेल."

जीप गेली. मुरूम नवा होता, चाकं उमटलेली स्पष्ट दिसत होती.

इथवर वाचलेल्या सुज्ञ वाचकाच्या मनात दोन-तीन सूचना नक्कीच आल्या असतील. संगीताने असं फसवायला नको होतं. हापशाची रीतसर तक्रार करायला हवी होती. निदान माल टेम्पोने पाठवता आला असता. सगळ्या सूचना रास्त आहेत आणि पाड्याला त्या हव्याच आहेत. वाचकाने अवश्य यावं. कोणत्याही बाजूला फिरवण्याची मोकळीक आहे, चहाही मिळेल. फक्त निघण्यापूर्वी न्हाणीघरात एकदा डोकवावं. हे वाचत बसला होतात, तोवर बादली भरून नळ वाहतोय.